ठणठणीत बाबा

प्रसन्न खांबेटेचा धंदा म्हणजे इस्पितळांना न्याय देणं. असं तो स्वतःच सांगायचा आणि सांगता सांगता हसायचा, कारण प्रत्यक्षात तो गुडगावच्या ऑफिसात दिवसभर एक्सेलशी भांडत बसे. त्याचं कॉम्प्युटर मॉडेल रुग्णाचं वय, आजार, सवयी बघून ऑपरेशनमधला धोका आधीच आकड्यात सांगे. त्यामुळे एखाद्या डॉक्टरच्या हातून जास्त माणसं दगावली, की तो वाईट असं परस्पर ठरत नसे. त्यानं मुळात जास्त आजारी माणसं घेतली असतील, हेही धरलं जाई. "माहिती खरी भरा," असा कंठशोष करत तो इस्पितळांच्या मागे लागे. इतकं करूनही धोका मोठा दिसला की काही डॉक्टर केसच टाळतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

पुण्याहून आलेले त्याचे बाबा, दत्तात्रयराव, त्याच्या बायकोच्या दिल्लीतल्या, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळ नेमकं प्रसन्नचंच मॉडेल वापरणारं निघालं. त्याला बरं वाटलं. मूर्खाला कशानंही बरं वाटतं.

"अंकल, साँस फूलती है? सिगरेट?" ज्युनियर डॉक्टर कॉम्प्युटरवर टिपत विचारत होता.

"बिल्कुल नहीं. एकदम ठणठणीत!" बाबा गरजले. तब्येतीची तक्रार सांगणं म्हणजे त्यांना अब्रू गेल्यासारखं वाटे.

प्रसन्न शेजारीच उभा होता. जिन्याच्या पहिल्या वळणावर बाबांना धाप लागते, झोपायला दोन उशा लागतात आणि "जरा पाय मोकळे करतो" म्हणजे सिगारेट, हे त्याला पाठ होतं. पण खरं सांगितलं, धोक्याचा स्कोर वाढला आणि सर्जननं अंग काढून घेतलं तर? त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

थोड्या वेळानं सर्जन डॉ. पूर्वी माथुर हसत आल्या. "अंकल का स्कोर बहुत अच्छा है. आयसीयू का बेड छोड़ देते हैं, वॉर्ड में ही रखेंगे."

क्षणभर प्रसन्नला अभिमान वाटला, आपलं मॉडेल किती झटपट चालतं! मग बेडचं ध्यानात आलं. ऑपरेशननंतर बाबांचा श्वास अडकला तर? तो बेड त्यानंच घालवला होता. त्याला स्वतःची लाज वाटली आणि भीती त्याहून जास्त.

"मॅडम, झूठ है. सब झूठ है," म्हणत त्यानं धाप, उशा, सिगारेट सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाबा डोळे वटारून बघत राहिले.

डॉक्टरांनी फोन करून बेड परत मागितला आणि हृदयाची तपासणी लिहून दिली. "ऑपरेशन तो मैं करूँगी ही. पहले बता देते यार," एवढं बोलून त्या गेल्या.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मला वाटलं, खरं कळलं तर हात लावणार नाहीत," ते म्हणाले. "म्हाताऱ्याला कोण घेतंय अंगावर?"

प्रसन्ननं त्यांच्या पायावरची चादर सारखी केली.

"मलाही तेच वाटलं, बाबा."