अनुस्वार उजव्या हाताने

अर्धांगवायूच्या सौम्य झटक्यानंतर माझा उजवा हात पुन्हा हलू लागला, पण त्यातला जोर परतला नाही. टाइपरायटरवर ते लगेच दिसतं. डाव्या हाताची अक्षरं काळीभोर, उजव्याची फिकी. मी सांगलीतल्या एका साप्ताहिकात सदर लिहितो. तिथल्या संपादक बाईंचा विश्रामबागेतल्या माझ्या घरी फोन आला.

"सर, आम्ही तुमच्या पानाचा फोटो काढून मजकूर उचलतो. या वेळी फोननं निम्मी अक्षरं गाळली. तुम्ही बोलूनच पाठवा ना, फोन आपोआप लिहितो."

"नाही."

"मग सदर थांबवावं लागेल, सर. पुन्हा टाइप करायला माणूस नाही इथे."

"पुढचं पान वाचता येईल," मी म्हणालो. कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

बोलून का लिहीत नाही, याला कारण आहे. वृत्तपत्रात असताना तासगाव, आष्ट्याच्या वार्ताहरांच्या बातम्या मी फोनवर उतरवून घेत असे. बोलणारा माणूस वाक्य संपवत नाही, लांबवतो. माझं वाक्य मला संपलेलं हवं असतं.

यंत्राच्या बाजूला कळा हलक्या-जड करणारा खटका असतो. तो मी हलक्यावर आणला. उजव्याला किंचित बरं वाटलं, पण डावा मोकाट सुटला. आतून बायको आली.

"आवं, लिवताय का खिळं ठोकताय?"

"कार्बनची सवय आहे. कचेरीत एका दमात चार प्रती काढायचो. चौथी वाचता आली नाही तर पान तोंडावर यायचं."

"तवा चार कागद हुते. आता एकच हाय. कुणाला ऐकवताय?"

तरी डाव्याला मवाळ व्हायला शिकवायचं नाही, हे मी ठरवलं. एक हात दुबळा झाला म्हणून दुसऱ्यानेही का व्हावं? खटका पुन्हा जडावर नेला, उजवा हात मांडीवर ठेवला आणि सगळं पान डाव्याने मारलं. वेळ फार लागला. अक्षरं मात्र एकसारखी काळी उमटली.

अडलं अनुस्वारापाशी. त्याचं टोक बारीक, सगळा मार एका ठिकाणी बसतो. शिवाय कागद ज्यावर चढतो त्या जुन्या रुळाचं रबर कडक झालेलं. कागदामागे आणखी एक कागद लावला तरी भोकं पडतच राहिली. कचेरीत शिकवलं होतं, अनुस्वार मारायचा नाही, कळेला नुसतं शिवायचं. पण अख्ख्या ओळीचं ओझं घेतलेल्या डाव्याला मधेच हात आखडता घेणं जमेना.

बायकोने पान उजेडात धरलं. "रवा चाळाय बरं पडंल." मग माझ्या मांडीकडे पाहिलं. "आन् ह्यो काय नुसताच बसून खातोय व्हय? टिंबं द्या की त्येला."

अनुस्वार आणि पूर्णविराम उजव्याकडे गेले. तो जेवढा जोर लावू शकतो, तेवढाच त्यांना लागतो. नव्या पानाला एकही भोक पडलं नाही.

पान पोचल्यावर संपादक बाईंचा फोन आला. "सगळी अक्षरं आली, सर. पण एवढा त्रास कशाला? पुढच्या वेळी फोनवर बोलून—"

"पुढचं पान यंत्रात चढवलंय," मी म्हणालो आणि फोन ठेवला, डाव्या हाताने. उजवा अनुस्वाराच्या कळेवर होता.