नववा गडी

मिठागरावरच्या मजुराच्या मुलाने आठवणी लिहायला बसावे हे धाडसच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी अक्षर गिरवलेले नाही. चुकेल तिथे वाचकांनी सांभाळून घ्यावे.

ठाण्याच्या खाडीकाठी आम्ही आट्यापाट्या खेळत वाढलो. शिमग्याला शेजारच्या गावाशी सामना ठरलेला असे. दर बाजूला नऊ गडी. जमिनीवर आखलेल्या प्रत्येक पाटीवर एकेक जण वाट अडवून उभा राही. त्यांना चुकवून सगळ्या पाट्या ओलांडून जो परत येई, तो ‘लोण!’ म्हणून ओरडे. लोण म्हणजे मीठ. आमच्या वडिलांचा धंदाच आम्ही खेळात ओरडत असू. गावातला माझा एक जिवलग मित्र तर पाट्या ओलांडताना कोणाचा अंगाला हात लागू देत नसे.

पुढे मी मुंबईला कॉलेजात गेलो आणि चेंडूफळीच्या, म्हणजे क्रिकेटच्या, नादी लागलो. एका सुटीत ठाण्यात आम्हा विद्यार्थ्यांचा सामना होता. एक गडी कमी पडला, म्हणून मी मित्राला नेले. “चेंडू मारायचा आणि समोरच्या दांड्यांपर्यंत पळायचं,” इतकेच सांगितले.

त्याने चेंडू मारला, पळाला. वाटेत चेंडू घेतलेला गडी दिसला. मित्राने त्याला डावीकडे हूल दिली, उजवीकडे दिली, मागे सरला. तो गडी क्षणभर पाहत राहिला, मग त्याने चेंडू सावकाश दांड्यांवर मारून त्याला बाद केले. मित्र मात्र त्याला वळसा घालून पलीकडे पोचला आणि हात उंचावून ओरडला, “लोण!”

“अरे, मीठ कसलं मागतोस? जेवायला अवकाश आहे!” कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो.

घरी जाताना तो म्हणाला, “त्यांचं सोर रं, ती परकी मानसं. तू पन हासलास.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मुंबईत मला ते सलत राहिले. शेवटी गावच्या मास्तरांच्या पत्त्यावर त्याला पत्र लिहिले: झाले ते चुकले, शिमग्याला आलो तर खेळायला घ्याल का?

उत्तर आले नाही. मी समजायचे ते समजलो आणि शिमग्याला खोलीतच बसून राहिलो.

आठ दिवसांनी वडील भेटायला आले.

“का रं नाय आलास?”

“त्याचं उत्तर नाही आलं.”

“त्याला कुठं लिवता येतं? मास्तरांनी तुझा कागद वाचला, तर तो म्हनला, यात इचारायचं काय? गाववाले तुझ्या जागी दुसरा गडी देत होते, तो नको म्हनला. तुझी पाटी मोकली ठेवून आठ जन खेलले. हरले.”