तळावरचं नाव

ऑफिसात कुणाचाही निरोपसमारंभ असला की ते काम माझ्याकडे यायच्या आत मीच त्याच्याकडे धावत जातो. स्वस्थ बसणं आमच्या रक्तातच नाही. या वेळी तर निघाल्या होत्या आमच्या मॅडम, अकरा वर्षं माझ्या बॉस. त्या दुबई सोडून कायमच्या मायदेशी, स्वीडनला चालल्या होत्या. त्यांचे वडील तिथल्या जंगलातल्या एका काचकारखान्यात कामाला होते, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्या भांडवलावर मी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं, "गिफ्ट मी आणतो. जुनी स्वीडिश काच. कलेक्टर लोक घेतात तसली."

काचेतलं माझं ज्ञान चहाच्या ग्लासापुढे गेलेलं नव्हतं.

सामान विकून देश सोडणाऱ्या एका कुटुंबाकडून फुलदाणी मिळाली. वीतभर उंच, पण हातात घेतली की मनगट खाली जावं इतकी जड. धुरकट निळी काच, आणि काचेच्या दोन थरांमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असे अडकवलेले, की पाण्यात जाळं टाकल्यासारखं वाटावं. घरी आणून बायकोसमोर ठेवली. तिने भांडं हातात घेतल्यावर बाईमाणूस जे पहिलं करतं ते केलं, उलटं केलं.

"अहो, हिच्यावर कुणाचं तरी नाव घातलंय."

खरंच होतं. तळाला सुईने ओरखडल्यासारखी तिरकी अक्षरं, एका बाईचं नाव आणि पुढे काही आकडे. आता आमच्या घरात लग्नात आलेल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर नाव आणि तारीख कोरलेली आहे. सासूबाईंचं एक पातेलं चुकून शेजारी गेलं होतं, ते नावावरूनच परत आलं. त्यामुळे दोघांचंही एकमत झालं. विकणाऱ्याची सासू.

"दुसऱ्याचं नाव असलेली वस्तू भेट देतात का कुठे?" बायको म्हणाली.

मी तर चप्पल घालून तयारच होतो. यल्ला, चला! शारजात रोल्ला चौकाजवळ टेबलांच्या काचा आणि आरसे कापणारं एक दुकान आहे. तिथले उस्ताद मितभाषी. त्यांनी तळावरून अंगठा फिरवला, घासायच्या चाकावर पाणी सोडलं आणि अर्ध्या तासात तळ आरशासारखा करून दिला. "खलास," म्हणाले.

संध्याकाळी मी कौतुकाने मुलीला दाखवायला गेलो. ती कॉलेजात आहे, इथेच वाढलेली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. विकणाऱ्याने आधी पाठवलेल्या फोटोंतला तळाचा फोटो तिने फोनवर मोठा केला, काहीतरी शोधलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

"बाबा, दॅट्स द डिझायनर. यू इरेज्ड द डिझायनर!"

तळावर सुईने सही करायची ही तिकडची रीत, आकडे म्हणजे त्या नगाचा क्रमांक. जुनी काच जमवणारा माणूस वस्तू हातात घेतो तो ती सही वाचायलाच. मी ती पैसे देऊन पुसून आणली होती.

त्यानंतरचे दोन दिवस मी बसलो नाही. जेवताना उठायचो, फुलदाणी उलटी करायचो, जणू नाव परत उगवलं असेल. दुसरी वस्तू शोधली, मिळेना. "खरं सांगून टाका," बायको म्हणायची. "वीस लोकांसमोर?" मी म्हणायचो आणि पुन्हा येरझाऱ्या. मॅडमच्या नजरेतून सुटणार नाही हे नक्की. आणि अकरा वर्षं या माणसाला कामं सोपवली, हाच विचार घेऊन त्या विमानात बसणार, हेही नक्की.

समारंभाच्या दिवशी सकाळी गाडी आपोआप रोल्लाकडे वळली. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. पेन्सिलीसारखं एक यंत्र काढून म्हणाले, "इतनीसी बात? वापस लिख देता हूँ. स्पेलिंग बोलो."

मी फोटो पुढे केला. सुई काचेला टेकणार, तेवढ्यात मीच फुलदाणी ओढून घेतली. नाव पुसणं हा बावळटपणा होता. ही खोटी सही मात्र मी शुद्धीवर राहून करणार होतो.

दुपारी मॅडमनी कागद सोडला. वाह नाही, थँक्यू नाही, सरळ फुलदाणी उलटी केली. अंगठा तळावर फिरला, थांबला.

"सही?"

मी सांगितलं. डबे, पातेलं, सासू, सगळं. लोक इतके हसले की पलीकडच्या ऑफिसातून कुणीतरी डोकावून गेलं. मॅडम हसल्या नाहीत. तळ उजेडाकडे धरून म्हणाल्या, "एकही रेघ नाही राहिली. घासलंय कुणी?"

"रोल्लाचा एक माणूस."

"माझे वडील हेच करायचे. तीस वर्षं तळ घासले. वर सही डिझायनरची. त्यांचं नाव एकाही काचेवर नाही." मग माझ्याकडे वळून, "नाव काय त्याचं?"

"आम्ही उस्ताद म्हणतो."

"ते नाव नव्हे." फुलदाणी त्यांनी स्वतः कागदात गुंडाळली. "ही मी नेणार. पण तू सही घालवलीस याचा मला राग आहे. तो जाईल असं समजू नकोस."

दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. मी सकाळीच दुकानात हजर.

"नाम? किसलिये? कम्प्लेंट है क्या?"

"नही, नही. मॅडम को काम पसंद आया."

"पसंद आया तो और काम भेजो." उस्तादांनी चाक सुरू केलं. मी आरशांमध्ये उभा, चारही बाजूंनी मीच अस्वस्थ दिसत होतो. दोन टेबलांच्या काचा होईपर्यंत हललो नाही. शेवटी वैतागून त्यांनी चाक बंद केलं आणि नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. वर बोट रोखून अट घातली, "लिखना नही कहीं."

मॅडमना फोन लावून मी ते तोंडी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं, उच्चार चुकला, मी दुरुस्त केला.

"मेसेज करून ठेव," त्या म्हणाल्या. "मी विसरेन."

"नाही मॅडम," मी म्हटलं. "पाठच करावं लागेल."