हिरवा डाग

माझ्या थोरल्या वहिनी मी एका चित्रातून पुसून टाकायला लावल्या. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या शहाणपणाबद्दल कुणाचा गैरसमज नको.

अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात चादरींची डिझाइनं करणारा माझा मित्र सुट्टीला चित्रं काढतो. सांगोल्याकडच्या आमच्या घराचं चित्र त्यानं माझ्या फ्लॅटसाठी काढलं. तिथं जाऊन दिवसभर बसला. पत्र्याचं घर, लिंबाची सावली, मागं डाळिंबाची बाग, सगळं कसं निवांत. बघून जीव निवला. आणि अंगणात ऐन मधोमध टँकरच्या पाण्याची चार निळी पिंपं!

माझं डोकंच फिरलं. अरे, मला हॉलमध्ये शांतता टांगायचीय, पाणीटंचाई नव्हे!

"पिंपं काढून टाक," मी म्हणालो. "आणि त्यांच्यामागचा तो हिरवा डागही."

"डाग?"

"मग काय! ब्रश पुसलास का तिथं?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. "काढतो की. पण खाली सही करणार नाही बघ."

घ्या! चादरीवर मोर काढणाऱ्याला एवढा ताठा! आठवडाभर मी घरात धुमसत होतो. त्यानं पिंपांवर बोगनवेल चढवली आणि खरंच सही केली नाही. येणारा प्रत्येक पाहुणा "किती शांत!" म्हणायचा आणि मी मान डोलवायचो, जणू ती शांतता मीच पेरून पिकवली होती.

परवा गावाहून दादा-वहिनी आले. वहिनी चप्पल काढून थेट चित्रापाशी गेल्या. बोगनवेलीवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"हितली पिंपं कुटं गेली? मी हितंच कळशी भरत हुते की. त्यो म्हणला, वैनी, वाकूनच ऱ्हावा, हलू नका. वाकून वाकून कंबार धरली माझी. समद्या गल्लीला सांगून ठिवलंय, भावजींच्या हालमधी मी हाय म्हणून."

मला संताप आला तो मित्राचा. तोंडानं सांगायला काय झालं होतं त्याला? मग आठवलं, त्यानं विचारलं होतं. "डाग?" म्हणून. ब्रश पुसल्याचं मीच म्हणालो होतो. तो संताप आता कुणावर काढायचा?

"मला तो... हिरवा डाग वाटला," मी पुटपुटलो.

वहिनींनी बोट मागं घेतलं. भडकला तो दादा.

"साडी हाय ती! गेल्या दिवाळीला तूच दिलीस की. घेताना तरी बघितली हुतीस का?"