ताणून द्या

आमच्या सासऱ्यांना सगळी गल्ली दोरीमास्तर म्हणते. पोस्टमनसुद्धा पाकिटावरचं नाव न वाचता "दोरीमास्तर, पत्र!" अशी हाक मारतो. माणूस अंगानेही तसाच सडसडीत, आणि त्यांच्या खिशात हातभर दोरी नाही असा दिवस मी आजवर पाहिलेला नाही. चष्म्याची दांडी, फाटकाची कडी, छत्रीची मूठ, सगळं त्यांनी बांधून ठेवलंय. सासूबाई म्हणतात, "मी एका जागी फार वेळ बसतच नाही. न जाणो, मलाही बांधतील."

पस्तीस वर्षं त्यांनी ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवल्या. लांबलचक खोली, फरशीवर पसरलेलं जाड कापड, आणि त्यावर हे अनवाणी, गुडघे टेकून. कड दुमडायची, कोपऱ्याला आतून दुहेरी तुकडा लावायचा, मग पितळी कडी ठोकायची. तुमची कडी निघाली अशी तक्रार घेऊन कोणी आलं की मास्तरांचा पारा चढायचा. "कडी निघत नसते. बांधणारा गाढव असतो," म्हणायचे. आणि लगेच त्या गाढवाला पाण्याचा पेला देऊन गाठ मारायला शिकवायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी उरल्यासुरल्या हलक्या कापडातून एक झोळी शिवली, दोन झाडांमध्ये टांगून आत झोपायची. तिच्यावर धरायला एक पातळ ताडपत्रीही शिवली. महिन्यातून एकदा तळ्यामागच्या टेकडीवर जायचं, झोळी टांगायची, दिवसभर तिच्यात पडून राहायचं आणि संध्याकाळी घरी. "घरात एवढी चांगली खाट आहे की!" असं सासूबाई म्हणाल्या, तर म्हणाले, "खाट हलत नाही."

मला त्यांच्या मुलीशी लग्न करायचं होतं. मी इस्पितळात नर्स, तोही रात्रपाळीचा, आणि घोडं तिथेच अडलं होतं. "मुलगा वाईट नाही," मास्तर म्हणायचे, "पण रात्रभर घराबाहेर आणि दिवसभर अंथरुणात. हा संसार करणार कधी?" हिचं म्हणणं, बाबा हो म्हणेपर्यंत थांबायचं. आणि बाबा दोन वर्षं ताकास तूर लागू देत नव्हते. सासूबाईंनी एकदा "अहो, तुटेपर्यंत ताणू नये" म्हणून पाहिलं. त्यावर, "किती ताणायचं ते मला शिकवू नकोस, पस्तीस वर्षं तेच केलंय," असं उत्तर मिळालं.

मग एक दिवस निरोप आला: शुक्रवारी माझ्याबरोबर टेकडीवर चला.

"परीक्षा आहे," ही म्हणाली. "बाबांसमोर जांभईसुद्धा देऊ नकोस."

सांगायला काय जातं! शुक्रवारी सकाळी मी लागोपाठ चौथी रात्रपाळी संपवून इस्पितळातून थेट बसथांब्यावर गेलो. बसमध्ये डोळे ताणून उघडे ठेवले. टेकडी चढताना मांडीला चिमटे काढले.

वर पोचल्यावर मास्तरांनी दोन झाडं निवडली, मध्ये पाच पावलांचं अंतर. आधी वर नजर टाकली, वाळकी फांदी डोक्यावर नको म्हणून. खोडाभोवती रुंद पट्टे, म्हणजे साल सोलत नाही. पट्ट्यांना झोळी. तिच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना त्यांनी वीतभर सुतळी लोंबती बांधली. "पाणी खोडावरून दोरीवर येतं आणि दोरीवरून तुमच्या पाठीखाली," ते म्हणाले. "सुतळी भेटली की खाली उतरतं." मग झोळीच्या वर, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत, आढ्यासारखी एक दोरी. तिच्यावर ताडपत्री टाकली आणि चार कोपरे तसेच लोंबते सोडले. सगळं मला समजावून सांगत होते, पण "तुम्ही" म्हणून, परक्या पाहुण्याशी बोलावं तसं. मी मान डोलावत होतो. निम्म्या वेळा ती आपोआपच डोलत होती.

त्यांनी आभाळाकडे पाहिलं, बाटल्या उचलल्या आणि म्हणाले, "झऱ्यावरून पाणी घेऊन येतो. ढग दाटतायत. तोवर तुम्ही ताणून द्या."

आता मला सांगा, चार रात्री जागलेल्या माणसाला कोणी ताणून द्या म्हटलं, तर तो काय समजेल? आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मला वाटलं, केवढा मोठ्या मनाचा माणूस, माझे डोळे पाहिले आणि झोपायला सांगून गेला. मी बूट काढले, झोळीत शिरलो आणि ताणून दिली.

जाग आली तेव्हा धो धो पाऊस पडत होता आणि मी कोरडा होतो. डोक्यावर ताडपत्री घट्ट बसली होती, मध्ये पाण्याचं पोट नाही की सुरकुती नाही. तीन कोपरे खुंट्यांना बांधलेले. चौथ्या कोपऱ्याची दोरी मास्तरांच्या मुठीला दोन वेढे घेऊन गेली होती, आणि ते पावसात उभे होते, मागे रेलून, टाचा चिखलात रोवून. केस कपाळाला चिकटले होते. दोरी जरा ढिली पडली की ते अर्धं पाऊल मागे सरकत होते.

"काका! अहो, हे काय?"

"खुंटी निघाली. माती भिजली."

"मग दगडाने ठोकायची ना पुन्हा!"

"ठोकली असती तर जागा झाला असतास."

पहिल्यांदाच ते मला अरेतुरे करत होते, पण तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी घाईने उतरायला गेलो, झोळी उलटली आणि मी चिखलात पालथा पडलो. तसाच उठून त्यांच्या हातातली दोरी घेतली. त्यांच्या तळव्यावर लाल वळ उठले होते. किती वेळ उभे होते विचारलं, तर "झाला असेल तासभर" म्हणाले.

"पण तुम्हीच तर म्हणालात, ताणून द्या!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"ताडपत्री," ते म्हणाले. "ताडपत्री ताणून द्या म्हटलं होतं."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. ज्या गोष्टीसाठी हा माणूस दोन वर्षं नाही म्हणत होता, तीच मी त्यांच्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, त्यांच्याच झोळीत करून दाखवली होती. वर म्हाताऱ्या माणसाला तासभर पावसात उभं केलं होतं. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी माझ्या चिखलाच्या बुटांकडे. मधूनमधून ते खोकत होते आणि प्रत्येक खोकल्याला मी मनात स्वतःला एकेक शिवी देत होतो. लग्न मोडलंच होतं. फक्त कोणी बोलून दाखवायचं बाकी होतं.

घरी पोचलो तर ही दारातच उभी. माझा अवतार बघून तिने कपाळाला हात लावला. "झोपलास?" तिने हळूच विचारलं. मी मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले, आणि मला एवढं वाईट वाटलं की तिच्याकडे बघवेना. मास्तर सरळ आत गेले. आम्ही दोघं दाराशी उभे. आतून सासूबाईंचा आवाज आला, "ह्या पंच्याने डोकं पुसा आधी. कसा वाटला मुलगा?"

"झोपाळू," मास्तर म्हणाले.

हिने माझं मनगट घट्ट धरलं.

"ढग गडगडले, हलला नाही. माझ्या हातून दोरी सुटली, ताडपत्री फडाफडा वाजली, तरी हलला नाही. आणि मी एकदा खोकलो, तर डोळे मिटलेलेच आणि म्हणतो कसा, 'आलो आजोबा, तुम्ही उठू नका, मी पाणी आणतो.'" पंच्याने डोकं खसाखसा पुसल्याचा आवाज आला. "मला आजोबा म्हणाला, गाढव! दिवसभर झोपू दे त्याला हवं तर. तू तारीख बघ."