नाताळचा चहा

नाताळच्या आठवड्यात सामरवरणीच्या आमच्या चाळीत एक मिशनरी पोरगा रोज यायचा. पांढरा शर्ट, टाय, मोडकंतोडकं मराठी. घरापासून माझ्यासारखाच लांब. मशीनमध्ये माझा हात चेचला होता, म्हणून माझं पाणी तोच वर आणायचा. नाताळच्या दिवशी मी एका हातानं चहा केला आणि कप त्याच्यापुढे धरला.

"नको, दादा."

मी सगळ्यांसमोर बोललो, "का रे, आमच्या हातचं चालत नाही?"

चाळ हसली. तो गोंधळला.

"दादा, आमच्या पंथात चहा-कॉफी कुणीच पीत नाही. पाणी द्या ना."

खोलीत पेला एकच, त्यात माझं उष्टं पाणी. मी विसळायला उठेपर्यंत त्यानं ते पिऊन टाकलं, रिकामी बादली उचलली आणि परत खाली गेला. मला मान वर करवेना.