खंडेनवमीचं तेल

मागच्या रविवारी मुळशीला आईकडे गेले होते. बाबांची जुनी गाडी शेडमधून बाहेर काढायची, आईला शेजारी बसवायचं आणि धरणाच्या कडेने एक चक्कर मारून यायचं... बाबा गेल्यापासून आमचा हा रविवारचा नेमच आहे.

गाडी माझ्या जन्माच्याही आधीची. दादाला ती विकून टाकायची आहे, कारण एका रिसॉर्टवाल्याला ती गेटपाशी शोभेला उभी करायची आहे. "रस्त्यात एकदा जरी अडली, तर देऊन टाकायची," असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

आणि रविवारी ती अडली.

चढावर गाडी जड वाटायला लागली, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. मग जळका वास... ब्रेकचं पेडल घट्ट झालेलं. कशीबशी कडेला घेतली, तोवर पुढची चाकं जाम.

नेमका तेव्हाच दादाचा फोन. सगळं ऐकून म्हणाला, "तू ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतेस." हा माझ्या शेजारी कधी बसलेलाही नाही. पौडहून मेकॅनिक आला, तो गाडीच्या आधी माझ्या चपलांकडे बघून म्हणाला, "ताई, बिरेकवर पाय ऱ्हातोय तुमचा. लेडीज लोकांचं आसंच आसतंय." वाटेत थांबलेल्या एका गृहस्थांनी तर विचारलं, "मिस्टर नाहीत का बरोबर?"

संतापाने माझे कान तापले. मी ह्याच गाडीवर शिकले. पेडलवर पाय जरा रेंगाळला की शेजारी बसलेले बाबा नुसते खाकरायचे.

मी मेकॅनिकला म्हटलं, "मी इथे रस्त्यावर उभी आहे. मग आत्ता ब्रेक कोण दाबतंय?"

तो चाकापाशी बसला. मी त्याला चाकामागचा, तेल बाहेर सोडायचा ब्लीडिंगचा स्क्रू सैल करायला सांगितला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं. म्हणजे दाब वर, पेडलच्या सिलिंडरमध्येच अडकून राहिला होता. "वरचं रबार फुगलंय," तो जरा नरमून म्हणाला.

रबर आपोआप फुगत नाही, चुकीचं तेल पडलं की फुगतं. मी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. वर वेगळ्याच पातळ तेलाचा थर तरंगत होता. बोट बुडवून वास घेतला... आणि लहानपणच्या सगळ्या दुपारी आठवल्या. आईच्या शिलाई मशीनचं तेल.

"ह्यात कुणी वतलं ओ हे?" मेकॅनिक हसायला लागला.

आई गाडीतून उतरली. "मीच. खंडेनवमीला विळ्याला दिलं, मशीनला दिलं, पंपाला दिलं. हिला एकटीला कोरडी कशी ठेवायची? तुझे बाबा ह्याच झाकणातून काहीतरी ओतायचे. मी पूजेचं ताट धरून लांबून बघायचे."

"आज्जी, आता गाडीच्या वाटंला जाऊ नका बरं का," मेकॅनिक म्हणाला. आई ओशाळून पुन्हा आत जाऊन बसली.

तेव्हा मला खरा राग आला. त्याचा आलाच, पण बाबांचाही आला. बाबा गेल्यावर पहिल्यांदाच. मला शिकवलं, दादाला शिकवलं. आईचा सगळा संसार ह्या गाडीत बसून गेला, आणि बॉनेटखाली काय असतं हे तिला एकदाही कुणी दाखवलं नाही. तिने लांबून पाहून झाकण मात्र बरोबर लक्षात ठेवलं होतं.

संध्याकाळी दादाला एवढंच सांगितलं, "रबर गेलं होतं, बदलून घेतेय. गाडी विकायची नाही."

"पण अडली ना? ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं. ते मी मोडतेय."

आज रबरं बदलून, सगळ्या नळ्या धुऊन गाडी घरी आली. शेडमध्येच बॉनेट उघडलं आणि आईला माझ्या जागी उभं केलं. हे इंजिन ऑइल, हे पाणी, हे ब्रेकचं. तिने एकेका झाकणावर हात ठेवला. प्रत्येक झाकण स्वतः उघडून, वास घेऊन परत लावलं.

मग पदराला हात पुसत माझ्याकडे वळली.

"एवढंच?" आई म्हणाली. "एवढ्यासाठी मला लांब उभं करत होते?"